गाडीरस्त्याच्या बाजूच्या वाटा : कोकणात रोजची सायकल आणि रविवारची एकत्र फेरी

सुरूबन

नमस्कार मंडळी. सायकलचे धागे इथं बरेच आहेत पण ते बहुतेक मुंबई–गोवा, घाटचढाई, एका दिवसात किती किमी वगैरेचे. मला बोलायचंय ते रोजच्या सायकलबद्दल, म्हणजे कामावर जायची-यायची सायकल आणि रविवारी चारचौघांनी मिळून गप्पा मारत मारायची फेरी, आणि तीसुद्धा शक्यतो अशा वाटेने की जिथं पाठीमागून हॉर्न येत नाही.

मी आक्षीचा, काम अलिबागेत. अलिबाग–रेवदंडा रस्ता शनिवार-रविवारचा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रस्ता जेमतेम दोन गाड्या जातील एवढा, दोन्ही बाजूला वाड्यांचे गडगे, त्यात मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग, सायकलवाल्याने बाजूला व्हायचं म्हटलं तरी होणार कुठं. पण हीच गावं आतून बघा. आक्षी-नागावच्या वाड्यांमधून जाणारे जुने रस्ते नारळी-पोफळीच्या सावलीतून जातात, समोरून आली तर एखादी स्कूटर नाहीतर गुरं. आणि ओहोटी असली की आक्षी ते नागाव अख्खी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी. मी रोज आतल्या रस्त्याने पुलापर्यंत येतो, खाडीवरचा पूल आणि पुढचा शहरातला तुकडा एवढाच काय तो मोठ्या रस्त्यावर. वेळ थोडा जास्त जातो, पण ऑफिसात शिरतो तेव्हा डोकं शांत असतं.

माझं म्हणणं असं की सायकलसाठी वेगळा ट्रॅक कोणीतरी बांधून देईल याची वाट बघण्यापेक्षा ज्या वाटा आपल्याकडे आधीपासून आहेत, पुळण, खारबांध, सड्यावरच्या (म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या) गाडीवाटा, वाडीतले रस्ते, हायवे सरळ केल्यावर बाजूला पडलेली जुनी वळणं, त्या एकमेकींना कुठं कुठं जोडता येतात ते आपणच बघूया. प्रत्येकाने आपापल्या भागातली सांगा. आणि नुसती मॅपवरची रेघ नको, ती वाट कधी चालू असते, कधी बंद, तिथं आधीपासून कोण ये-जा करतं, आणि सायकल नेलेली त्यांना चालते का, हेही लिहा.

रविवारच्या फेरीचा आमचा नियम एकच आहे, सगळ्यात मागच्याचा जो वेग तोच सगळ्यांचा. कोणाला मागे टाकून पुढे जायचं नाही.

पोफळी

फार गरजेचा धागा. मी चौलकडची, शाळेत शिकवते, शाळा दोन गावं सोडून आहे, जाते सायकलनेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहिते कारण ती पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. गाड्या नसलेली वाट आणि सुरक्षित वाट या प्रत्येक वेळी एकच नसतात. सकाळी साडेनऊला वाडीतला रस्ता छान असतो, बायका विहिरीवर-अंगणात असतात, हाक मारली तर ऐकू जाईल. तोच रस्ता डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाला पूर्ण काळोखात आणि सुनसान, मग मी गाड्यांच्या रस्त्यानेच येते, धूर खाल्लेला परवडला. आता आम्ही तिघीजणी ठरवून एकत्र निघतो, एक पतपेढीत आहे, एक आरोग्य केंद्रात. संध्याकाळी देवळाच्या पारावर भेटायचं, ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग निघायचं. एवढ्याने आतली वाट आम्हाला वर्षभर वापरता येते. सुरूबनदादा, रविवारच्या फेरीइतकीच ही रोजची सोबत महत्त्वाची आहे, उलट जास्तच. शक्य असेल तर गावागावात कोण किती वाजता कुठून निघतं त्याचा एक साधा तक्ता करूया.

आणि शाळेच्या मुली. त्या तिघीतिघी एका ओळीत चालवतात, गप्पा मारत, तो त्यांचा दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ असतो. मोठ्या रस्त्यावर त्यांना ओरडा बसतो. आतल्या रस्त्यावर कोणी काही बोलत नाही.

सुरूबन

पोफळीताई, अगदी पटलं. तक्ता मी करतो, नावं नको, फक्त गाव, पार किंवा थांबा आणि वेळ. बायकांचा वेगळा ठेवायचा का तेही सांगा.

पोफळी

वेगळा ठेवा. आणि तो उघड्यावर टाकू नका, माझ्याकडे द्या, मी ज्यांना द्यायचा त्यांना देते.

खारेपाटी

खारेपाटातून, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीच्या पट्ट्यातून लिहितोय. शहापूर, धेरंड, चरी या बाजूला ज्यांनी फक्त डांबरी रस्ता पाहिलाय त्यांनी खारेपाट पाहिलाच नाही असं मी म्हणेन. आमच्याकडे खाडीच्या कडेने मैलोनमैल बांध आहेत. एका बाजूला तिवरं (कांदळवन) आणि चिखल, दुसऱ्या बाजूला भातशेती, जिताड्याची तळी. माथा कुठं चार फूट कुठं सहा फूट, एकदम सपाट, चढ म्हणून नाही. दिवाळीनंतर चिखल वाळला की मे अखेरपर्यंत सायकल मस्त जाते. आमचे वडील या बांधावरूनच सायकलने पोयनाडच्या बाजाराला जायचे, कॅरिअरला मासळीची पाटी. त्यामुळे ही कल्पना नवीन नाही, मध्ये मोटरसायकल आल्या म्हणून विसरली गेली.

पण मंडळी हे नीट समजून घ्या की बांध हा रस्ता नाही. बांध आहे म्हणून शेत आहे. खारजमिनीचा कायदा १९७९ चा आहे, त्याच्याखाली यातले बरेच बांध सरकारी योजनेत आले, बाकीचे शेतकऱ्यांनीच राखलेत. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली तर खारं पाणी आत येतं आणि ते शेत पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नाही. आता सायकलचा संबंध काय ते सांगतो. ओल्या बांधावर चाक गेलं की चाकोरी पडते, पुढच्या पावसात पाणी त्या चाकोरीत साठतं, तिथून माती सुटते, खेकड्यांची बिळं आधीच असतात, आणि मग एखाद्या अमावास्येला बांध नेमका तिथूनच फुटतो. म्हणून जून ते दिवाळी बांधावर चाक घालायचं नाही म्हणजे नाही. अवकाळी पाऊस पडला तर पुढचे तीन-चार दिवसही नाही.

उघाड्यांपाशी उतरून सायकल हातात घ्यायची. उघाडी म्हणजे आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची झडप, तिच्या फळ्या-दगड हलले तर भरतीचं पाणी उलट आत शिरतं. आणि बांधावर माणूस काम करताना दिसला तर थांबून बोला, कुठून आलात ते सांगा. तो परका माणूस बघून विचारणारच, त्याची जमीन आहे ती. बोललात तर पुढच्या वेळी तोच पाणी देईल.

चरीवरून गेलात तर एवढं लक्षात ठेवा की १९३३ ते १९३९ सहा वर्षं इथल्या कुळांनी शेती बंद ठेवून संप केला होता. उपाशी राहिले पण खोतांची जमीन कसली नाही. त्या शेतांमधून आपण चाललोय याची जाण असावी.

नवा_रस्ता

सगळ्यांचे मुद्दे चांगले आहेत पण मला वेगळं वाटतं. खारेपाटी म्हणतात की बांध सात-आठ महिनेच चालतो, पावसात नाही, आणि अंधाराचं पोफळीताईंनी लिहिलंच आहे. मग रोजची ये-जा कशी करणार माणसं? वर्षभर चालेल तीच वाट खरी. या बांधांवर पेव्हर ब्लॉक टाकून सोलरचे दिवे लावले तर किती लोकांची सोय होईल, पर्यटनही वाढेल, मुलंमुली बिनधास्त शाळेत जातील. आमदार निधीतून होऊ शकतं. आपण मागायला काय हरकत आहे. नुसत्या जुन्या वाटांचं कौतुक करून तरुण पोरं सायकलवर येणार नाहीत.

खारेपाटी

तुमची तळमळ कळते, रागावत नाही. पण पहिलं म्हणजे बांध दरवर्षी बसतो. चिखलाची माती आहे ती, दर वर्षी वर भर घालावी लागते. त्याच्यावर पेव्हर टाकलेत तर भर घालणार कुठं? दुसरं, बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवरं आहेत. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाच्या भोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आहे, त्यात असलं बांधकाम बसत नाही. आणि तिसरं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आमच्या शेजारच्या गावात एक आतला रस्ता पक्का केला तो शाळेच्या पोरांसाठी म्हणूनच. आठवड्यात मोटरसायकली, महिन्यात टेम्पो, पुढच्या वर्षी रेतीचे डंपर. आता पोरं तिथून चालतसुद्धा नाहीत.

वाट कच्ची आहे म्हणूनच गाडी तिथं येत नाही हो.

नवा_रस्ता

डंपरचं मान्य. पण मग तोंडाला खांब लावा ना, मध्ये एक लोखंडी खांब पुरला की सायकल जाईल आणि चारचाकी अडेल. खांबाचा खर्च तो काय.

एव्हनकाठ

मी मूळचा मुरुडचा, सध्या इंग्लंडात ब्रिस्टलला आहे, रोज कामावर सायकलनेच जातो म्हणून लिहायचा मोह झाला. इथं ब्रिस्टल ते बाथ अशी २१ किमीच्या आसपासची एक वाट आहे, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर केलेली. १९७९ मध्ये इथल्या काही सायकलवाल्यांनी मिळून स्वतः फावडी घेऊन कामाला सुरुवात केली आणि १९८६ पर्यंत तुकड्यातुकड्याने पूर्ण केली. त्याच लोकांमधून पुढे सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली आणि देशभराचं सायकलवाटांचं जाळं त्यांनी विणलं. मुद्दा हा की तिथंही आधी वाट होती, मग लोक आले, मग सरकार आलं. रेल्वेची लाइन असल्याने चढ जवळजवळ नाहीच, म्हणून म्हाताऱ्या बायाही आरामात चालवतात.

दोन गोष्टी इथून शिकण्यासारख्या. एक, ती वाट सायकलवाल्यांची एकट्याची नाही. पायी चालणारे, कुत्री फिरवणारे, बाबागाडीवाले सगळे तिथंच. सकाळी ऑफिसच्या वेळी जोरात जाणारे सायकलवाले आणि चालणारे यांची भांडणं इतक्या वर्षांनीही चालू आहेत. घंटी लांबून वाजवायची, जवळ आल्यावर दचकवायचं नाही, आणि माणूस बाजूला होईपर्यंत वेग कमी ठेवायचा, एवढं सगळ्यांनी पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

दुसरी गोष्ट त्या खांबाबद्दल. मोटरसायकल अडवायला म्हणून इथं वाटांच्या तोंडाशी हजारो फाटकं-अडथळे बसवले गेले. त्यांनी मोटरसायकली थोड्याफार अडल्या, पण व्हीलचेअरवाला अडला, तीनचाकी सायकलवाला अडला, मागे मुलांची गाडी जोडलेली आई अडली. आता तेच अडथळे खर्च करून काढायचं काम चालू आहे. तेव्हा खांब लावायचाच तर जागा मोजून, आधी तिथून कोण काय घेऊन जातं ते बघून लावा.

खारेपाटी

हे बरं सांगितलंत. आमच्याकडे हातगाडी जाते, बैलगाडी अजून दोन घरी आहे. खांब लावला तर बैलगाडीवाला पहिला उपटेल आणि त्याचं बरोबर असेल.

उधाणभांग

गुहागरहून. पुळणीवर सायकल चालवणाऱ्यांसाठी एक उपयोगाचं लिहितो, कारण बाहेरून आलेले लोक भर भरतीला सायकल घेऊन उतरतात आणि मऊ वाळूत ढकलत बसतात, मग म्हणतात किनाऱ्यावर सायकल चालत नाही.

भरतीचं गणित आमच्या कोळीवाड्यातलं पोरगंही सांगेल. कालनिर्णयात तिथी बघा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे पावणेदहा. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, पौर्णिमा-अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते म्हणून हे जमतं. ठोकताळा आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सायकलला पुरतं.

आता यातून फेरी ठरवायची कशी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाच. पुढे द्वितीयेला ओहोटी साडेसात, तृतीयेला सव्वाआठ. तर पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी सायकलला सगळ्यात उत्तम. उधाणाचे दिवस असल्याने ओहोटीला पाणी लांबपर्यंत समुद्रात आत जातं आणि ओली कडक पुळण रुंद मिळते. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास धरा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत नाही फार उतरतही नाही, आणि सकाळी सहाला भरती, त्या दिवशी वाडीतल्या रस्त्याने जा. उधाणाचं पाणी जसं लांब जातं तसं परत येतानाही झपाट्याने येतं, विशेषतः खाडीच्या तोंडाशी. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओहोळ येताना कमरेएवढा असतो. खाडीचं तोंड सायकलने ओलांडायचंच नाही, पुलाने जा.

अजून एक, कासवं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, वेळास-आंजर्ले लोकांना माहीत आहे पण गुहागरलाही येतात. घरटं असतं भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. म्हणून चाक कायम ओल्या वाळूतच ठेवा. आणि रात्री पुळणीवर सायकलचा दिवा घेऊन फिरू नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, समुद्राकडे जायची ती वस्तीकडे वळतात.

सुरूबन

उधाणभांग, हा प्रतिसाद मी मुख्य धाग्याला जोडून ठेवतो. तुमच्याकडे रोजच्या कामाला कोणी पुळणीवरून जातं का?

उधाणभांग

जातात की. किनारा सरळ आहे पाच-सहा किमी. असगोलीकडचे दोन-तीन गवंडी आणि एक शिंपी ओहोटी सोयीची असेल तेव्हा पुळणीने येतात, नसेल तेव्हा रस्त्याने. त्यांना तिथी तोंडपाठ असते. मात्र सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर लांबूनच उतरायचं आणि दोराच्या मागून चालत जायचं. सुकत घातलेल्या मासळीच्या जवळून तर अजिबात नाही, वाळू उडते त्याच्यावर.

तेलवंगण

सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, रायगडातच. पुळणीवर जा पण परत आल्यावर काय करायचं ते वाचा, नाहीतर एका सीझनमध्ये सायकल भंगारात.

घरी आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादलीतून मग्ग्याने, वरून सोडत. प्रेशरने पाणी मारू नका, सर्व्हिस सेंटरला मोटरसायकलला मारतात तसं तर अजिबात नाही, बेअरिंगमध्ये खारं पाणी आत ढकललं जातं आणि ग्रीस बाहेर येतं. मग चेन फडक्याने पुसून कोरडी करा आणि सुकल्यावर तेल. खूप तेल घालायचं नाही, वाळू चिकटते, प्रत्येक कडीला एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं आणि वरचं पुसून टाकायचं. खोबरेल नको. महिन्यातून एकदा सीटचा दांडा बाहेर काढून पुसून ग्रीस लावून परत घाला, कोकणात हा दांडा गंजून असा बसतो की शेवटी कापावा लागतो. ब्रेकच्या तारा, स्पोकच्या निपल यांनाही थेंबथेंब तेल.

वाळूत हवा थोडी कमी ठेवा, टायर पसरतो आणि रुतत नाही. पण डांबरीवर यायच्या आधी परत भरा, छोटा पंप जवळ हवा. आणि नवीन सायकल घेताना रोजच्या वापरासाठी गिअरचा फार सोस करू नका. अलिबाग-नागाव-रेवदंडा पट्टा सपाट आहे, साधी सिंगल स्पीड, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि डायनॅमो नाहीतर चार्जिंगचा दिवा, एवढी सायकल वीस वर्षं चालते. चेनकव्हर असलं की साडी, ओढणी, पँट कशालाही काळं लागत नाही. रत्नागिरी-राजापूरकडे चढ आहेत, तिथं गिअर पाहिजेत, ते वेगळं.

पोफळी

चेनकव्हरबद्दल दुजोरा. माझी ओढणी दोनदा अडकल्यावर मी गिअरची सायकल भाच्याला देऊन टाकली. आता दुकानात पूर्ण कव्हरची मोठी लेडीज सायकल मागितली तर शाळेच्या पोरींची छोटीच दाखवतात.

तेलवंगण

ताई, मागवून मिळते, आठ-दहा दिवस लागतात. दुकानदाराला २६ इंची, चेनकव्हर बंद, असं स्पष्ट सांगा.

कातळपायवाट

रत्नागिरीकडून हजेरी. आमच्याकडे बंदर आणि गाव खाली, वर सडा. खाली ते वर हा चढ कोणालाच चुकत नाही, पाखाड्यांना पायऱ्या आहेत म्हणजे सायकल खांद्यावर. पण एकदा सड्यावर आलात की जांभ्याचा कातळ, गाडीवाटा, गवत आणि वारा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला सड्यावरून सायकल मारण्यासारखं सुख नाही. वाडीतून हायस्कूलला, आंब्याच्या बागेत कामाला जाणारे लोक याच वाटा वापरतात, डांबरी रस्ता फिरून जातो आणि ही वाट सरळ जाते.

सावध कुठं राहायचं, तर चिरेखाणी. काल वाट होती तिथं आज वीस फुटांचा खड्डा असू शकतो, कुंपण नसतं. म्हणून अनोळखी सड्यावर उजेडातच जा. आणि पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, पाय घसरतो तिथं चाक काय टिकणार. जून ते सप्टेंबर सडा फक्त बघायला. फुलं असतात तेव्हा तर चाक घालूच नये.

आणि कातळशिल्पं. उक्षी, जांभरूण, चवे-देऊड, बारसू, देवीहसोळ, कितीतरी ठिकाणी सड्यावर खोदलेली चित्रं आहेत, त्यातली काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. काहींभोवती चिऱ्याचं गडगं आहे, काही अजून उघडीच आहेत, गवतात कळतसुद्धा नाहीत. आमच्या ग्रुपची पद्धत अशी की शिल्पाच्या शंभर पावलं आधी सायकली आडव्या ठेवायच्या आणि चालत जायचं.

देवबागचो

वाचून बरा वाटला. आमच्याकडे देवबागात एका बाजूक दर्या आणि दुसऱ्या बाजूक करली नदी, मधी वाळवेची पट्टी, रस्तो एकच. मे म्हयन्यात आणि डिसेंबरात त्या रस्त्यार पाय ठेवूक जागा नसता. मी सायकल होडयेत घालून पलीकडे भोगव्याक जातंय, थयसून आतल्या वाटेन. होडीवालो वळखीचो आसा, सायकलीचे जास्त पैशे घेणा नाय. तुमी खाडये ओलांडूचा लिवल्यात म्हणान सांगतंय, पूल नसलो तर होडी आसाच, फकत हँडल आडवा करून ठेवा, होडयेत जागा कमी.

सुरूबन

होडीचा मुद्दा मोठा आहे. किनाऱ्याने जायचं तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि तिथं मोठ्या रस्त्यावर यावंच लागतं. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, या फेऱ्यांमध्ये सायकल नेता येते. जेट्टीच्या दोन्ही बाजूंचे रस्ते फेरी लागली की एकदम भरतात, म्हणून बोटीतून गाड्या आधी जाऊ द्या आणि मग दोन मिनिटांनी सावकाश निघा, पुढचा तुकडा आपोआप रिकामा मिळतो.

घाटाखालचा

खेडवरून एक भर. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुन्या घाटातली वर्दळ पुष्कळ उतरली आहे. पूर्ण बिनगाडीची वाट नाही म्हणणार, पण रविवारी सकाळी लवकर सावली, वळणं, माकडं आणि क्वचित गाडी. हायवे रुंद करताना ठिकठिकाणी जुनी वळणं अशी सुटली आहेत, बऱ्याच ठिकाणी त्यांना गावची मंडळी फिरायला वापरतात. आमची ग्रामपंचायतीकडे एवढीच मागणी आहे की त्या तुकड्यांवर बांधकामाचा राडारोडा आणि कचरा टाकणं थांबवा. रस्ता आहे, डांबर आहे, सावली आहे, नवीन काही बांधायचं नाही.

नवा_रस्ता

सगळे प्रतिसाद परत वाचले. बांधावर पेव्हरची मागणी मी सोडली, खारेपाटींचं भर घालण्याचं म्हणणं मला माहीतच नव्हतं. पण दिव्यांचं आणि पावसाळ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. पोफळीताईंनी लिहिलेला अंधार खरा आहे. मग असं करूया का, बांध आणि पुळण सोडून द्या, वाडीतले जे रस्ते आधीच पक्के आहेत त्यांच्यावर मागणी केंद्रित करूया. पंचायतीकडे फक्त तीन गोष्टी मागायच्या : बंद पडलेले दिवे चालू करा, साकवाचे मोडलेले कठडे दुरुस्त करा, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांना आत शॉर्टकट मारू देऊ नका. मॅपवर बघून गाड्या आता वाडीत घुसायला लागल्यात.

पोफळी

याला माझा पूर्ण पाठिंबा. वाडीतला रस्ता वर्षभर चालतो, पावसात थोडं पाणी साठतं तेवढंच. अर्ज मी लिहिते. ग्रामसभेत महिलांनी मांडला तर जास्त ऐकतात, आणि शाळेच्या मुलींच्या पालकांच्या सह्या मी मिळवते. कुठले दिवे बंद आहेत ते खांबाच्या नंबरासकट लिहून पाठवा, "दिवे लावा" असं मोघम लिहिलं की कागद तसाच पडून राहतो.

खारेपाटी

आणि बांध?

नवा_रस्ता

बांध तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तसं. दिवाळीनंतर भर घालायचं श्रमदान असतं ना, त्याला आम्ही सायकलवाले आलो तर चालेल का? एक दिवस पाट्या टाकू, मग मोकळ्या मनाने चालवू.

खारेपाटी

या. जेवण आमच्याकडे. घमेली आहेत, फावडी कमी पडतात, जमलं तर आणा. कपडे जुने घालून या, तो चिखल धुवून जात नाही.

सुरूबन

बांधाच्या श्रमदानाची तारीख खारेपाटींनी कळवली की वर टाकतो.

येत्या रविवारची फेरी : द्वितीया आहे, उधाणभांग यांच्या हिशोबाने ओहोटी साडेसात. साडेसहाला आक्षीला शिलालेखापाशी भेटू. शके ९३४ चा आहे तो, म्हणजे इ.स. १०१२, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाच मिनिटं आधी या. तिथून पुळणीने नागाव, जास्तीत जास्त साडेआठपर्यंत वाळूतून बाहेर कारण नंतर घोडागाड्या आणि वॉटरस्पोर्ट्सवाले यायला लागतात, त्यांचाही धंदा आहे. परत वाडीतल्या रस्त्याने. बंद दिव्यांच्या खांबांचे नंबर परत येतानाच लिहून घेऊ. पाणी आणि छोटा पंप जवळ ठेवा.

चहावेळ

मी थळला राहते, सायकल आहे पण पाच-सहा वर्षं चालवलेली नाही. सोबत नऊ वर्षांची मुलगी, तिची छोटी सायकल. आलो तर चालेल का, की बाकीच्यांना आमच्यासाठी थांबावं लागेल?

पोफळी

थांबण्यासाठीच आहोत. या. मीही मागेच असते. तुमच्या सायकलचे टायर आत्ताच दाबून बघा, पाच-सहा वर्षं उभी असेल तर रबर कडेने तडकलेलं असतं, हवा भरल्यावर कळत नाही आणि वाटेत फुटतं.

तेलवंगण

आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघून ठेवा. जुनी सायकल असेल तर आत वॉलट्यूबवाला असेल, ते रबर पाच वर्षांत नक्की कुजलेलं. कुठल्याही सायकलच्या दुकानात दोन-पाच रुपयात मिळतं, चार घेऊन या, बाकीच्यांनाही लागतील.